इतर मार्गांनी आवक

"ह्या लिवू नको," धाकू राऊळ म्हणाला आणि त्याने रत्नप्रभाच्या हातातल्या फॉर्मवर आपला पंजाच ठेवला.

भांडुपच्या टेकडीवरची दहा बाय बाराची खोली. दुपारचे चार वाजले होते. धाकूची बायको प्रेमा उंबऱ्याशी पापड लाटत बसली होती आणि वाळलेले पापड वीस-वीसच्या चळतीत लावत होती. रत्नप्रभाचा फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. राहिला होता तो फक्त अकरावा प्रश्न: कारखान्याच्या टाळेबंदीनंतर घरात पैसे कुठून येतात? प्रेमाच्या पापडांचे लिहून झाले होते. थोरली नंदा औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची, तेही लिहिलं होतं. गावाहून भावाने पाठवलेले तांदूळ, मारवाड्याकडे गहाण टाकलेल्या पाटल्या, सोसायटीचं कर्ज. आणि मग बोलता बोलता धाकूच्या तोंडून निघून गेलं होतं, की वर्षभर तो गोरेगावला एका फिल्म स्टुडिओच्या गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून जातो. महिना तीनशे. नोकरी चुलतभावाच्या नावावर, उभा राहायचा धाकू.

"का नको, काका?"

"युनियननं आमच्याकडसून कागदार सही घेतलली असा. कारखानो बंद झाल्यापासून आमका खयच काम नाय म्हणान. आता कंपनीच्या कानार ह्या गेला तर मागचो पगार बुडलोच समज."

"नाव कुठंच येत नाही हो. हे बघा ना, वर नुसता नंबर आहे. सत्तेचाळीस. नावांची वही वेगळी असते, ती आमच्या ऑफिसातल्या ताईंच्या कपाटात, कुलपात. छापणार ते फक्त टक्के."

"मगे लिवतस कशाक?"

हा प्रश्न रत्नप्रभाला बऱ्याच घरांत ऐकावा लागला होता, आणि तिचं उत्तर तयार होतं. "नाही लिहिलं तर आलेख खोटा होईल, काका. कारखान्यातली माणसं नुसती घरी बसून खातात असं दिसेल. तुम्ही रात्र रात्र जागून तीनशे रुपये आणता, हे कुणाला कळणार?"

धाकूचा पंजा होता तिथेच होता. तेव्हा प्रेमा लाटणं थांबवून म्हणाली, "लिवूदे ओ तिका. अण्णांची चेडू ती. ती काय तुमका खड्ड्यात घालतली?"

रत्नप्रभाचे वडील अण्णा धुरी आणि धाकू एकाच गावचे. धाकू पहिल्यांदा मुंबईला आला तेव्हा दोन वर्षं अण्णांच्याच खोलीत राहिला होता. रत्नप्रभाला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं. त्याने पंजा उचलला.

"लिव," तो म्हणाला.

ही १९८५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुलुंडचा 'जयमंगल मेटल वर्क्स' हा कारखाना मालकांनी त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात टाळं ठोकून बंद केला होता, आणि पुढे चार महिन्यांनी नवी माणसं घेऊन चालूही केला होता. जुने दोनशे बारा कामगार बाहेरच राहिले. त्यांच्यापैकी एकशे ऐंशी घरांत रत्नप्रभा आणि तिचे सहकारी फॉर्म घेऊन फिरले. त्रेसष्ट फॉर्म एकट्या रत्नप्रभाने भरले होते. तिला दारातून कुणी परत पाठवत नसे. ती त्यांच्यातलीच होती, त्यांच्या भाषेत विचारायची, आणि दिलेला चहा कसाही असला तरी पिऊन टाकायची.

ती नोकरी करायची अंधेरीला, एका छापखान्याच्या माडीवरच्या समाज-अध्ययन केंद्रात. नऊ वर्षांपूर्वी ती तिथे ट्रेसर म्हणून लागली. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेले आलेख ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचे, एवढंच काम. केंद्राच्या संचालक उत्तराताई दामले यांनी तिला त्या टेबलावरून उचललं. एकदा एका आलेखाखालचा मजकूर चुकला आहे असं ती भीत भीत सांगायला गेली, तेव्हा ताईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "मग तू कसं लिहिशील?" तिने तोंडी सांगितलं. ताईंनी तेच छापलं.

तेव्हापासून केंद्राच्या मराठी पुस्तिकांतलं आलेखांचं वर्णन रत्नप्रभाच लिहायची. ताईंनी तिला शिकवलं. आधी सगळ्यांत मोठा भाग सांग. मग सगळ्यांत लहान. आणि मग वाचणाऱ्याच्या नजरेतून जे निसटेल, ते. ताई तिला घरी जेवायला बोलवत, पुस्तकं देत. तिचं लग्न ठरून मोडलं त्या आठवड्यात ताईंनी एकही प्रश्न न विचारता तिला रोज संध्याकाळी स्वतःबरोबर चालायला नेलं होतं. अण्णांखालोखाल तिचा विश्वास असा या एकाच माणसावर होता.

जयमंगलच्या पाहणीतले आलेख तिने मन लावून काढले. आलेख क्रमांक तीन होता आवकेचा: महिन्याला घरात येणाऱ्या पैशाचं वर्तुळ. सरासरी सहाशे चाळीस रुपये. आधीचा पगार आठशे वीस होता. वर्तुळाचे सहा भाग झाले. बायकांची कामं चोवीस टक्के, पुरुषांची मिळेल ती कामं सतरा, मुलांची कमाई चौदा, गावाहून येणारं धान्य सहा. कर्ज आणि उसनवारी तेवीस. दागिने आणि भांडीकुंडी गहाण टाकून किंवा विकून आलेले सोळा. शेवटच्या दोन भागांना तिने आडव्या रेघा भरल्या, म्हणजे ते बाकीच्यांहून वेगळे दिसावेत.

आणि खाली लिहिलं: 'या कुटुंबांत येणाऱ्या दर शंभर रुपयांतले एकोणचाळीस रुपये कमाईचे नाहीत. ते कर्जाचे आणि विकलेल्या वस्तूंचे आहेत. प्रत्यक्ष मिळकत तीनशे नव्वद रुपये, म्हणजे जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी. उरलेल्या पैशाने घर चालते असे वाटते, पण त्या पैशाने घर थोडे थोडे संपत जाते.'

उत्तराताईंनी ते दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य संशोधनात बसत नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण राहू दे. चांगलं आहे."

रत्नप्रभा त्या दिवशी पायऱ्या उतरताना हसत होती.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, ताईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. जयमंगलचा वाद आता लवादापुढे होता. दोन्ही बाजूंनी मिळून एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते, आणि सुनावणी मुलुंडच्या एका शाळेच्या सभागृहात चालली होती.

"आपले आलेख तिथे दाखल झालेत," ताई म्हणाल्या. "ते समजावून सांगायला कुणीतरी हवंय, मराठीत. तिथे कामगार बसणार, त्यांना कळेल असं. तू जा."

"मी? तुम्ही नाही येणार, ताई?"

"माझं पुण्याला काम निघालंय. आणि तुझ्याइतकं चांगलं कोण सांगणार? नुसतं वाचायचं आहे, रत्ना. मजकूर तिथेच देतील."

तिने घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी घाटकोपरच्या चाळीत चार खोल्यांत जाऊन सांगितलं. रत्नप्रभाने मोरपंखी साडी नेसली आणि वेळेच्या तासभर आधी मुलुंडला पोचली.

सभागृहात बाकांवर शंभर-सव्वाशे कामगार बसले होते, पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून. तिसऱ्या रांगेत धाकू होता. त्याने हात वर करून तिला खूण केली आणि शेजारच्याला अभिमानाने काहीतरी सांगितलं. समोर टेबलामागे लवादसाहेब, पांढरे केस, कानाला मशीन. डाव्या हाताला कंपनीचे वकील, उजवीकडे युनियनचा जयवंत आणि त्याचा वकील. भिंतीला टेकून स्टँडवर मोठे करून चिकटवलेले आलेख उभे होते, कापडाने झाकलेले.

शिपायाने तिच्या हातात टाइप केलेला कागद दिला. वर लिहिलं होतं, 'आलेखांचे वर्णन: कु. रत्नप्रभा धुरी.' नऊ वर्षांत तिचं नाव कागदावर पहिल्यांदाच आलं होतं. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं.

"सुरू करा," कंपनीचे वकील म्हणाले. शिपायाने कापड ओढलं.

पहिले दोन आलेख कुटुंबांच्या माणसांचे, वयांचे होते. ते तिने वाचले. मग तिसरा आला आणि ती वाचायला लागली: "टाळेबंदीनंतरही या कुटुंबांची मासिक आवक सरासरी सहाशे चाळीस रुपये आहे. म्हणजेच पूर्वीच्या पगाराच्या अठ्ठ्याहत्तर टक्के. यातील पंचावन्न टक्के कुटुंबातील व्यक्तींच्या कमाईतून, सहा टक्के गावाकडून आणि एकोणचाळीस टक्के इतर मार्गांनी…"

ती थांबली. मान वळवून तिने आलेखाकडे पाहिलं. वर्तुळाचे तीनच भाग होते. आडव्या रेघा नव्हत्या. रेषा कुणा दुसऱ्याच्या हातच्या होत्या, जाड, कोपऱ्यात शाई साचलेली.

"पुढे," वकील म्हणाले.

"हे माझं नाही."

"काय?"

"हा आलेख मी काढलेला नाही. मजकूरही माझा नाही. मी सहा भाग केले होते, इथे तीन आहेत."

लवादसाहेबांनी कानामागे हात नेला. "आकडे चुकीचे आहेत का, बाई?"

रत्नप्रभाने पुन्हा पाहिलं. पंचावन्न. सहा. एकोणचाळीस. "नाही साहेब. आकडे चुकीचे नाहीत. पण हे एकोणचाळीस…"

"आकडे बरोबर आहेत, एवढं लिहून घ्यावं," वकील म्हणाले. "आता चौथा आलेख, खर्चाचा. मीच वाचतो. 'सण, तंबाखू, व्याज व इतर, अकरा टक्के.' उपासमार आहे म्हणतात आणि शंभरातले अकरा रुपये सणावर आणि तंबाखूवर जातात."

"व्याज आठ आहे त्यात!" रत्नप्रभा ओरडली. एवढ्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. "सण आणि तंबाखू मिळून तीन. बाकीचे आठ मारवाड्याचं व्याज. मी वेगळं दाखवलं होतं."

बाकांवर गलका झाला. लवादसाहेबांनी टेबलावर हात आपटला. मग ते तिला म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं आहे ते सांगा. शांतपणे."

बाजूला शाळेचा फळा होता. ती फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि हाताने वर्तुळ काढलं. त्याचे सहा भाग केले. एकेका भागावर बोट ठेवून ती सांगू लागली. कुणाच्या पाटल्या, कुणाची पितळेची घागर, कुणाची शिलाई मशीन. नावं न घेता. हे पैसे परत द्यायचे आहेत, ही मिळकत कशी म्हणायची, असं ती लवादसाहेबांना विचारत होती. लवादसाहेब वहीत लिहीत होते.

कंपनीचे वकील उभे राहिले. "फळ्यावरचं चित्र दाखल कागद नाही, हे मी नोंदवतो. पण बाई खरं बोलतात असं आपण धरून चालू. बाईंनीच पुरुषांच्या कामांचे सतरा टक्के सांगितले ना? म्हणजे पुरुष काम करत होते. आणि इथे तर सगळ्यांनी सही करून दिलंय की कुणालाही काम नाही." त्यांनी टेबलाखालून एक गठ्ठा वर घेतला. रत्नप्रभाने तो लांबूनच ओळखला. फॉर्म होते. त्यांच्यावर ठेवलेली लाल पुठ्ठ्याची नावांची वहीही तिने ओळखली.

"फॉर्म क्रमांक सत्तेचाळीस," वकिलांनी वही उघडून बोट फिरवलं. "धाकू विठोबा राऊळ. गोरेगावला वॉचमन. एक वर्ष. दरमहा तीनशे. अक्षर तुमचंच ना, बाई?"

तिसऱ्या रांगेत धाकू उभा राहिला होता. का उभा राहिला ते त्यालाही माहीत नसावं. तो वकिलाकडे बघत नव्हता. तो रत्नप्रभाकडे बघत होता, आणि अजूनही तिने काहीतरी सांगावं, हे तसं नाही असं म्हणावं, अशी वाट बघत होता.

"अक्षर तुमचं आहे का?"

"हो," ती म्हणाली.

वकिलांनी पुढची नावं वाचली. एकतीस नावं.

ती तिथून निघाली ती थेट अंधेरीला गेली. उत्तराताई पुण्याला गेलेल्या नव्हत्या. केबिनमध्येच बसल्या होत्या, समोर चहाचा भरलेला कप.

"बस," त्या म्हणाल्या.

"नावांची वही कुणी दिली, ताई?"

"आधी बस तर खरी."

"वही कुणी दिली?"

"मी दिली." ताईंचा आवाज स्थिर होता. "करारात होतं. सगळी मूळ कागदपत्रं पैसे देणाऱ्या ट्रस्टच्या मालकीची."

"ट्रस्ट कुणाचा?"

ताईंनी चहाचा कप बाजूला सारला. "जयमंगलच्या मालकांच्या घरचा."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रत्ना, केंद्राचं आठ महिन्यांचं भाडं थकलं होतं. बंद करायची वेळ आली होती. मला वाटलं, काम तर आपण प्रामाणिकपणेच करणार, मग पैसा कुणाचा का असेना. मी एकही आकडा बदललेला नाही. फक्त बेरीज केली. त्यांनी सुटसुटीत मागितलं, म्हणून."

"बेरीज केली."

"बेरीज म्हणजे खोटेपणा नव्हे."

"मी त्या लोकांना सांगितलं होतं, नाव कुठंच येणार नाही. तुम्ही सांगितलं होतंत तेच सांगितलं. आणि मलाच पाठवलंत तिथे वाचायला."

"तू नसतीस तर कुणी दुसरं वाचलं असतं. तुझ्यावर त्यांचा विश्वास…" ताई मध्येच थांबल्या. वाक्य कुठे चाललं आहे ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "तुझा सहा महिन्यांचा थकलेला पगार जानेवारीत एकरकमी मिळाला, तो कुठून आला असं वाटलं तुला? अण्णांचा मोतीबिंदू काढलास ना त्यातून? तेव्हा नाही विचारलंस."

रत्नप्रभा उभीच होती. नऊ वर्षं ती दुसऱ्यांना विचारत आली होती, घरात पैसे कुठून येतात. स्वतःला तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"माझं ट्रेसिंग द्या," ती शेवटी म्हणाली. "सहा भागांचं."

"तेही त्यांच्याकडेच गेलं."

"मग माझं नाव काढा त्या कागदावरून."

"दाखल झालाय तो आता," ताई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभा भांडुपची टेकडी चढली. दारात प्रेमा होती. तिने पाट दिला नाही. "निजलेत ते," एवढंच म्हणाली.

"येवदे तिका," आतून धाकूचा आवाज आला.

तो भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. स्टुडिओवाल्यांना कंपनीच्या माणसाने आदल्या संध्याकाळीच फोन केला होता. चुलतभावाच्या नावाने उभा राहतो म्हणून त्याला तिथूनही काढलं होतं.

रत्नप्रभाने सगळं सांगितलं. वही, ट्रस्ट, ताई. मला माहीत नव्हतं काका, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्याच्याने म्हणवेना.

धाकूने शेवटपर्यंत ऐकलं. "तू खोटा बोलूक नाय, ता माका ठावक असा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुका त्या बायेन फसवल्यान. ता तू आणि ती बघा. पण माका कोणी फसवल्यान? मी त्या बायेक वळखतय पण नाय. मी तुका सांगितलंय. तुझ्या त्वांडाकडे बघान सांगितलंय."

ती उठली. प्रेमा बाजूला सरकली आणि ती बाहेर पडली.

केंद्रात ती परत गेली नाही. युनियनच्या जयवंतने तिला गाठलं. "बाई, जे फळ्यावर काढलंत ते कागदावर द्या, सही करून. वाट लागलीच आहे, निदान बाकीच्यांचं तरी बघू." ती आठवडाभर युनियनच्या ऑफिसात बसून होती. आकडे सगळे पाठ होते. बाजारातून आणलेल्या साध्या पेनाने तिने आलेख पुन्हा काढले आणि खाली जुनं वर्णन जसंच्या तसं लिहिलं. ती कंपनीच्या वकिलांच्या उलटतपासणीला दोनदा उभी राहिली. पगार कुणाच्या पैशांतून घेतलात असं त्यांनी विचारलं, तेही तिने सांगून टाकलं.

निकाल मार्चमध्ये लागला. लवादसाहेबांनी तिचे आलेख नोंदीत घेतले होते, आणि कर्जाला मिळकत म्हणता येत नाही असं एक वाक्य निकालपत्रात होतं. एकशे एक्क्याऐंशी कामगारांना नोकरी आणि निम्मा मागचा पगार मिळाला, माणशी अकरा-साडेअकरा हजार. उरलेल्या एकतीस जणांनी काम नसल्याचं खोटं लिहून दिलं, म्हणून त्यांना नोकरीही नाही आणि मागचा पगारही नाही. जयवंत पेढे घेऊन घाटकोपरला आला होता. रत्नप्रभाने पेढा घेतला नाही. जयवंतलाही तिला आग्रह करावासा वाटला नाही.

तिला स्टेशनजवळच्या एका ब्लू प्रिंटच्या दुकानात काम मिळालं. इमारतींचे नकाशे उतरवायचे. मुलुंडकडे नव्या सोसायट्या उठत होत्या, काम भरपूर होतं. तिथे कुणाला काही विचारायचं नसे.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णांच्या मांडीवर हळद लावलेलं एक पाकीट होतं. धाकू येऊन गेला होता. नंदाचं लग्न ठरलं होतं. मुलगा विक्रोळीचा, बस कंडक्टर.

तिने पाकीट हातात घेतलं. पाकिटावर धाकूच्या वळणदार, सावकाश काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'श्री. अण्णा धुरी यांस.' शेजारच्या कुटुंबालाही धाकूने पत्रिका दिली होती, ती तिने जिन्यातच पाहिली होती. तिच्यावर 'सहकुटुंब सहपरिवार' असं होतं.

"गुडघे दुखतत," अण्णा पत्रिकेकडे न बघता म्हणाले. "माका काय जमाचा नाय."

"जायला हवं अण्णा. धाकूकाका आहेत ते. मी सोडते."

लग्न भांडुपलाच होतं, रस्त्याकडेच्या एका लहानशा हॉलमध्ये. तिने अण्णांना धोतर इस्त्री करून दिलं, नंदासाठी घेतलेल्या साडीच्या खोक्यावर अण्णांचं नाव लिहिलं, आणि हात धरून त्यांना हॉलच्या दारापर्यंत नेलं. दारात नवरीकडचं कुणीतरी गुलाबपाणी शिंपडत होतं. ती चार पावलं अलीकडेच थांबली.

"तू?" अण्णांनी विचारलं.

"मी समोर आहे, बसस्टॉपवर. सावकाश जेवा."

दुपारचं ऊन होतं. स्टॉपच्या पत्र्याखाली ती दीड तास बसली. बस येत होत्या. एका कंडक्टरने खाली वाकून विचारलं, "काय बाई, यायचंय का?" तिने मान हलवली. मंगलाष्टकं इथवर ऐकू आली, मग टाळ्या, मग पोरांचा आरडाओरडा. एकदा धाकू दाराबाहेर आला. डोक्याला फेटा होता. कुणाला तरी रिक्षापर्यंत पोचवून तो परत वळला, तेव्हा त्याची नजर रस्त्यापलीकडे गेली. तो क्षणभर उभा राहिला. तीही उठून उभी राहिली. मग आतून कुणी हाक मारली आणि तो आत गेला.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाची एक पुडी होती, लग्नाहून परतणाऱ्या सगळ्यांना वाटतात तशी. लाडवाचं तूप कागदाला लागलं होतं. रस्ता ओलांडून ते तिच्याजवळ बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"जेवाण बरा होता," ते म्हणाले.

"नंदा कशी दिसत होती?"

"बरी." मग त्यांनी पुडी तिच्या पुढ्यात धरली. "ह्या घे. धाकून दिल्यान. तो म्हणालो, रत्नाक देवा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा समोरच्या हॉलकडे बघत होते, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. आयुष्यात त्यांना खोटं बोलायची वेळ फारशी आलीच नव्हती. ते त्यांना जमत नव्हतं.

"बरं," रत्नप्रभा म्हणाली. तिने पुडी सोडली, लाडू काढला आणि तिथेच, उन्हात, सगळा खाल्ला.